तुम्ही विचारलंत म्हणून: डेमोक्रिटसला अणू कळला कसा?

अकरावीला अणुरचनेचा धडा सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हात वर करतं. ‘मॅडम, त्या डेमोक्रिटसकडे ना भिंग होतं, ना प्रयोगशाळा. मग त्याला अणू कळला कसा?’ विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, आणि मी रसायनशास्त्र शिकवते हे कळल्यावर प्रवासात शेजारी बसलेली माणसंही विचारतात. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं: बसल्या बसल्या एक अंदाज केला आणि दोन हजार वर्षांनी तो खरा निघाला. वर्गात यावर फार बोलता येत नाही, अभ्यासक्रम पुढे पळत असतो. इथे जागा आहे, म्हणून नीट सांगते. तो अंदाज नव्हता. त्याच्या काळातल्या सगळ्यात कडक युक्तिवादाने त्याला कोंडीत पकडलं होतं आणि त्या कोंडीतून बाहेर पडताना अणू हाती लागला.

आधी माणसाबद्दल, थोडक्यात. डेमोक्रिटस हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ. जन्म इ.स.पू. 460 च्या सुमाराचा, गाव अब्देरा. एजियन समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर, थ्रेसमध्ये, नेस्टोस नदीच्या मुखापासून जवळ हे नगर होतं. गाव मुळात विस्थापितांचं: इराणी सैन्य चालून आलं तेव्हा आशिया मायनरमधल्या टिऑसचे लोक घरदार सोडून निघाले आणि इथे येऊन वसले. प्रोटॅगोरस हा नामांकित विचारवंतही याच गावचा, तेव्हा अथेन्सपासून लांब असलं तरी हे काही आडगाव नव्हतं. अणूची मूळ कल्पना डेमोक्रिटसच्या गुरूची, ल्युसिपसची. त्याचं एकच वाक्य आज उरलं आहे: कोणतीही गोष्ट उगाच घडत नाही, प्रत्येक गोष्ट कारणाने आणि अपरिहार्यपणे घडते. ॲरिस्टॉटल बहुतेक वेळा दोघांची नावं जोडीनेच घेतो, म्हणून मी पुढे डेमोक्रिटस म्हणेन तेव्हा गुरूही त्यात धरावा. डेमोक्रिटस इजिप्तला गेला, बाबिलोनला गेला, अगदी हिंदुस्थानातल्या साधूंनाही भेटला, वडिलांची मिळकत प्रवासात संपवली, अशा कथा पुष्कळ आहेत. त्या मागाहून रंगवलेल्या. त्यांत मी वेळ घालवत नाही.

खरी गोष्ट सुरू होते दक्षिण इटलीतल्या एलिया गावात. तिथला तत्त्वज्ञ पार्मेनिडीस डेमोक्रिटसच्या बराच आधीचा. त्याचं म्हणणं असं: जे आहे ते आहे. जे नाही ते नाहीच, त्याचा विचारसुद्धा करता येत नाही. आता एखादी वस्तू नव्याने झाली म्हणा. कशातून झाली? जे आहे त्यातून झाली असेल तर ती आधीपासून होतीच, नवीन काही घडलं नाही. जे नाही त्यातून झाली म्हणाल, तर नसलेल्यातून काही निघत नाही. तेव्हा होणं नाही, जाणं नाही, बदल नाही. जे आहे ते एकच, अखंड, अचल. बी रुजतं, दूध विरजतं, माणूस म्हातारा होतो, हा सगळा भास.

ऐकताना हे भलतंच वाटतं, पण यातली खोट काढून दाखवा. मी दरवर्षी वर्गाला हे आव्हान देते आणि हुशार मुलंही दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर अडतात. ग्रीक अडले यात नवल नाही. पार्मेनिडीसचा शिष्य झेनो याने गतीवरची कोडी रचून ही गाठ आणखी आवळली. मग आला सामोस बेटावरचा मेलिसस. हा नुसता तत्त्वज्ञ नव्हता, इ.स.पू. 441 च्या सुमारास अथेन्सशी लढाई जुंपली तेव्हा सामोसच्या आरमाराचा तो सेनापती होता. त्याचा युक्तिवादही तसाच सरळ अंगावर येणारा. हलायचं तर रिकामी जागा हवी. रिकामी जागा म्हणजे काही नसणं. काही नसणं, हे असू शकत नाही. म्हणून हालचाल नाही.

डेमोक्रिटसने हेच वाक्य दुसऱ्या टोकाने उचललं. हालचाल तर आहे, ती नाकारता येत नाही. तेव्हा रिकामी जागा असलीच पाहिजे. म्हणजे जे नाही तेही, जे आहे त्याच्याइतकंच, आहे. एलियाच्या परंपरेत वाढलेल्या कानांना हे केवढं भयंकर वाटलं असेल याची कल्पना करून पाहा.

पण मला थोर वाटतं ते याच्या पुढचं. ही एक गोष्ट सोडली तर पार्मेनिडीसचं बाकीचं म्हणणं त्याने जवळजवळ सगळं मान्य केलं. जे खरोखर आहे ते निर्माण होत नाही, कबूल. नष्ट होत नाही, कबूल. त्याच्या आत काही बदल होत नाही, कारण आत पोकळीच नाही, तेही कबूल. फक्त ते एक नाही, अगणित आहेत. मेलिसस बोलून गेला होता की अनेक वस्तू असत्याच, तर त्यांतली प्रत्येक माझ्या त्या ‘एका’सारखी असावी लागली असती. प्रतिपक्षाला गप्प करायला टाकलेलं वाक्य होतं ते. डेमोक्रिटस म्हणाला, तशाच आहेत! प्रत्येक अणू म्हणजे पार्मेनिडीसचं ते अखंड, अविनाशी ‘एक’, फक्त अतिशय बारीक आणि पोकळीत फिरणारं. वस्तू निर्माण होणं म्हणजे अणू एकत्र येणं, नष्ट होणं म्हणजे ते पांगणं. शून्यातून काही येत नाही, शून्यात काही जात नाही, आणि तरीही दूध विरजतं.

त्याच काळात इतरांनीही वाटा शोधल्या. सिसिलीच्या एम्पेडोक्लीसने पृथ्वी, पाणी, हवा, अग्नी ही चार मुळं मानली. ॲनॅक्सागोरस म्हणाला, प्रत्येक वस्तूत प्रत्येक वस्तूचा अंश असतो. दोघांनाही पोकळी नको होती.

‘पण मॅडम, तुकडे करत गेलं तर कुठेतरी थांबावं लागेल, असं कशावरून?’ हा पुढचा प्रश्न, आणि हाही चांगला. याचं उत्तर ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे. तो अणुवादाचा कट्टर विरोधक होता, पण विरोधकाची बाजू इतकी नेटकी मांडणारा माणूस क्वचित सापडतो. समजा एखादी वस्तू कुठेही, प्रत्येक ठिकाणी कापता येते. मग ती प्रत्येक ठिकाणी कापून झाली, असं समजा. जे शक्य आहे ते घडलं असं मानायला हरकत नसावी. आता उरलं काय? आकारमान असलेले तुकडे उरले म्हणाल, तर कापणं पूर्ण झालेलंच नाही. नुसते बिंदू उरले म्हणाल, तर बिंदूंना लांबी नाही, रुंदी नाही; ते जोडून वस्तू उभी राहणार नाही. काहीच उरलं नाही म्हणाल, तर मूळ वस्तूही ‘काही नाही’ची बनली होती. तिन्ही दारं बंद. म्हणून वस्तू प्रत्येक ठिकाणी कापता येत नाही. कुठेतरी न कापता येणारं काही असलंच पाहिजे.

यात सुरीचा, तिच्या धारेचा, हाताच्या चपळाईचा काडीचाही संबंध नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुलांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: एक दाढीवाला म्हातारा सफरचंद कापत बसला आहे आणि फोड फारच लहान झाली म्हणून थांबला आहे. त्या चित्राने फार नुकसान केलं आहे. आजचं गणित या युक्तिवादाला उत्तर देऊ शकतं, कारण अगणित बिंदूंची लांबी एकेक बिंदू मोजून बेरीज करावी तशी निघत नाही, हे आपल्याला कळलं आहे. पण ते नीट कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

डेमोक्रिटसची गणितातली नजर केवढी तीक्ष्ण होती याचा एक नमुना प्लुटार्क या ग्रीक लेखकाने जपून ठेवला आहे. एक शंकू घ्या आणि तळाला समांतर असा आडवा काप द्या. मी वर्गात गाजर कापते. आता कापाच्या दोन बाजू समोर आहेत: खालच्या तुकड्याचा माथा आणि वरच्या तुकड्याचा तळ. ही दोन वर्तुळं सारखी की लहान-मोठी? लहान-मोठी असतील, तर शंकूच्या अंगावर पायऱ्या असल्या पाहिजेत, तो गुळगुळीत नाही. सारखी असतील, तर लगतची कोणतीही दोन वर्तुळं सारखीच, मग तळापासून टोकापर्यंत सगळीच सारखी, आणि शंकू म्हणजे दंडगोल होऊन बसतो! गाजराचे दोन तुकडे हातात धरून मुलं गप्प होतात. पुढे न्यूटन आणि लायबनिझच्या हाती जे कलनशास्त्र आकाराला आलं, त्याच्या उंबरठ्यावरचा हा प्रश्न आहे. डेमोक्रिटसने स्वतः काय उत्तर दिलं ते उतारा सांगत नाही. मात्र शंकूचं घनफळ तेवढ्याच तळाच्या आणि उंचीच्या दंडगोलाच्या एक तृतीयांश असतं, हे सिद्धतेशिवाय का होईना, पहिल्यांदा सांगितलं त्याने, आणि त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे, असं खुद्द आर्किमिडीसने एराटोस्थेनीसला लिहिलं आहे. हे लिखाण शतकानुशतकं हरवलेलं होतं. 1906 मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाला ते कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये एका प्रार्थनापोथीच्या अक्षरांखाली, खरवडून पुसलेल्या चर्मपत्रावर सापडलं.

आता अणू आले, पोकळी आली. पण जगात इतकी विविधता कुठून आली? अणूंना रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यांच्यात फरक फक्त आकाराचा, आणि एकत्र आले की क्रमाचा आणि ठेवणीचा. ॲरिस्टॉटल याला अक्षरांचं उदाहरण देतो. दोन अक्षरं मुळातच वेगळी असतात, हा आकाराचा फरक. तीच दोन अक्षरं पुढे-मागे लिहिली तर क्रमाचा फरक. एकच अक्षर आडवं पाडलं तर दुसरंच दिसतं, हा ठेवणीचा फरक. आणि मग तो म्हणतो, शोकान्तिका आणि सुखान्तिका त्याच अक्षरांनी लिहिल्या जातात. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

लिहून झालं की दोन डब्या फिरवते, एकीत पुदिना, दुसरीत बाळंतशोपा. दोघांचे वास कोणीही डोळे मिटून वेगळे ओळखील. पण पुदिन्याच्या आपल्या नेहमीच्या जातीला आणि बाळंतशोपाला वास देणारं मुख्य द्रव्य एकाच सूत्राचं आहे, कार्व्होन. तेच दहा कार्बन, तेच चौदा हायड्रोजन, तोच एक ऑक्सिजन, त्याच क्रमाने जोडलेले. फक्त एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे, उजव्या हाताला डावा असतो तसा. तेवढ्याने नाकाला दोन वेगळे वास येतात. डेमोक्रिटसला यातलं काहीही माहीत असणं शक्य नव्हतं. पण ‘घटक तेच, मांडणी वेगळी, म्हणून गुण वेगळा’ हे स्पष्टीकरण कसं असतं, ते त्याने दाखवून ठेवलं होतं.

चवींबद्दल तर त्याने फार बारकाईने लिहिलं होतं. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने ते टीका करण्यासाठी का होईना उतरवून घेतलं, म्हणून आपल्याला कळतं. आंबट चव कोनदार, वळणावळणाच्या, बारीक अणूंची, म्हणून ती जिभेला टोचते आणि झटकन पसरते. गोड चव गोल आणि बऱ्यापैकी मोठ्या अणूंची, ती हळूहळू, जोर न करता जिभेवरून जाते. खारट मोठ्या, कोनदार अणूंची. कडू बारीक, गुळगुळीत, गोल, पण आकडे असलेल्या अणूंची, म्हणून ती चिकटून राहते. चिंच आणि गूळ आलटून पालटून जिभेवर ठेवा आणि हे पुन्हा वाचा. जिभेला काय जाणवतं याची ही किती नेमकी नोंद आहे ते कळेल. स्पष्टीकरण म्हणून ते चुकलंच. आंबटपणा हायड्रोजनच्या आयनांमुळे येतो, त्यात कोनाकोपऱ्याचा प्रश्न नाही. पण ती चूक तपासता येण्याजोगी होती. ‘आंबटात आंबटपणा असतो म्हणून ते आंबट’ असलं गोल उत्तर देऊन तो मोकळा झाला नाही.

इथे हमखास पुढचा प्रश्न येतो, आणि तो अभिमानाने येतो: ‘मग आपले कणाद? त्यांनी तर आधीच सांगितलं होतं ना?’ या प्रश्नाला मी कधीच टाळत नाही. कणादांच्या वैशेषिक दर्शनातला परमाणुविचार स्वतंत्र आणि खोल आहे. तिथेही हाच युक्तिवाद भेटतो, वेगळ्या वेशात: विभाजनाला शेवटच नसेल तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा दोघांचेही अवयव अनंत होतील, आणि मग त्यांचं आकारमान सारखं मानावं लागेल. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात जो सर्वांत बारीक रजकण दिसतो तोही अवयवांचा बनलेला असतो, इथपासून नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, द्व्यणुकापर्यंत (दोन परमाणूंच्या जोडीपर्यंत) आणि तिथून परमाणूपर्यंत पायरीपायरीने जातात. उन्हाच्या तिरिपेतले कण ग्रीकांनीही पाहिले. ॲरिस्टॉटल डेमोक्रिटसच्या आत्मविचारात त्यांचा उल्लेख करतो. पण आधी कोण आणि नंतर कोण ही शर्यत लावली की दोघांचंही म्हणणं ऐकू येईनासं होतं. वैशेषिक सूत्रांचा काळ अभ्यासकांत वादाचा आहे, आणि मला त्यापेक्षा फरक जास्त मोलाचा वाटतो. वैशेषिकांच्या परमाणूंच्या चार जाती आहेत, आणि त्यांना गुण आहेत: पृथ्वीच्या परमाणूला गंध, पाण्याच्या परमाणूला रस. आंब्याची गोडी तिथे थेट मुळापर्यंत पोचते. आकाश हे तिथे शब्दगुण असलेलं द्रव्य आहे, निव्वळ पोकळी नाही. डेमोक्रिटसने उलट केलं. त्याने अणूवरून रंग, गंध, चव सगळं सोलून काढलं. वैशेषिकांनी अनुभवाला इमान राखलं. डेमोक्रिटसने अनुभवाच्या मागे काहीतरी पूर्णपणे वेगळं असू शकतं, हे धाडस केलं, आणि त्याबरोबर येणारी अडचणही पदरात घेतली. ती अडचण पुढे येतेच आहे.

‘अणूंना हलवलं कोणी?’ हेही मुलं विचारतात. ॲरिस्टॉटलनेही हीच तक्रार केली होती, की गती कुठून आली हे या लोकांनी सांगितलंच नाही. डेमोक्रिटसचं म्हणणं, ती नेहमीच होती. जे नेहमीच आहे त्याचा आरंभ विचारू नये. अणू अनंत पोकळीत फिरतात, आदळतात, त्यांचे भोवरे होतात, आणि भोवऱ्यात सारखं सारख्याजवळ जातं. याला त्याने दिलेला दाखला अगदी घरातला आहे: धान्य चाळताना मसूर मसुराजवळ, जव जवाजवळ, गहू गव्हाजवळ गोळा होतात, आणि समुद्रकाठी लाटा लांबट गोटे लांबट गोट्यांजवळ, गोल गोलांजवळ नेऊन टाकतात. चाळणाऱ्याने तसं ठरवलेलं नसतं. जगं अशीच बनतात, आणि ती एक नाहीत, असंख्य आहेत. काहींना सूर्य-चंद्र नाहीत, काहींना आपल्याहून जास्त आहेत. काही वाढताहेत, काही एकमेकांवर आदळून नष्ट होताहेत. काहींवर झाड नाही, प्राणी नाही, ओलावाही नाही. सूर्यालाच देव मानणाऱ्या समाजात एक माणूस हे शांतपणे लिहीत होता.

मग आजचा अणू तो हाच का? नाही. 1808 मध्ये डाल्टनने वजनांच्या प्रमाणातून जो अणू मांडला त्याला ग्रीकांचंच ‘ॲटम’, म्हणजे न कापता येणारा, हे नाव दिलं, पण 1897 मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखला आणि 1911 मध्ये रदरफर्डने केंद्रक दाखवलं, तेव्हा ‘न कापता येणारा’ हे त्याचं लक्षण उरलं नाही. अणू खरोखर आहेत, हे निर्विवाद व्हायलासुद्धा विसावं शतक उजाडावं लागलं. द्रवात तरंगणारे सूक्ष्म कण अदृश्य रेणूंच्या धक्क्यांनी कसे थरथरतात, याचं गणित आइनस्टाइनने 1905 मध्ये मांडलं आणि जाँ पेराँने 1908 पासून पाण्यात तरंगणारे पिवळ्या राळेचे सूक्ष्म गोळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ते पडताळलं. हे श्रेय त्यांचं आहे. डेमोक्रिटसला द्रष्टा करून त्यांच्या कष्टांवर बसवणं मला पटत नाही, आणि डेमोक्रिटसलाही ते लहान करणारं आहे. त्याचं मोल त्याचं उत्तर जुळलं की नाही यावर ठरत नाही.

ते कशावर ठरतं, हे सांगायला मी त्याच्या एका उताऱ्याकडे जाते. त्याचं सर्वांत गाजलेलं वाक्य असं: गोड हे रूढीने, कडू हे रूढीने, गरम रूढीने, थंड रूढीने, रंगही रूढीने, वास्तवात आहेत ते अणू आणि पोकळी. हे वाक्य सगळे उद्धृत करतात आणि इथेच थांबतात. पण गॅलेन या वैद्याने त्याच्या पुढचा भाग जपला. बुद्धीने इंद्रियांना असं निकालात काढल्यावर डेमोक्रिटसने इंद्रियांना बोलू दिलं. इंद्रियं बुद्धीला म्हणतात: अगं करंटे, पुरावा आमच्याकडूनच घेतेस आणि आम्हालाच पाडतेस? आमचं पडणं हाच तुझा पराभव आहे.

हे त्याने स्वतः लिहिलं. आपल्याच सिद्धान्ताच्या वर्मावर त्याने स्वतःच्या हाताने बोट ठेवलं. हालचाल आहे, म्हणून पोकळी आहे. पण हालचाल आहे हे कळलं कशावरून? डोळ्यांवरून. आणि शेवटी डोळ्यांना खोटं ठरवायचं? ही अडचण आजही जशीच्या तशी उभी आहे. लाल रंग म्हणजे अमुक तरंगलांबीचा प्रकाश, असं मी शिकवते. पण ती तरंगलांबी मोजणाऱ्या यंत्राचा आकडा कोणीतरी डोळ्यांनीच वाचतं, आणि लाल दिसणं म्हणजे काय ते त्या आकड्यात कुठेच नसतं. पुंजभौतिकीचा एक शिल्पकार श्रोडिंगर याला हा संवाद फार महत्त्वाचा वाटत असे, याचं मला नवल वाटत नाही. बुद्धीने इंद्रियांना काय उत्तर दिलं, ते उरलेल्या मजकुरात नाही. मला वाटतं डेमोक्रिटसकडे ते नव्हतं, आणि नाही हे त्याने लपवलं नाही.

एक प्रश्न मुलं वर्ग सुटल्यावर, दाराशी रेंगाळून विचारतात. ‘सगळं अणू आणि पोकळीच असेल, तर चांगलं वागायचं कशाला? आनंद तरी कशाचा?’ हा सगळ्यात गंभीर प्रश्न, आणि तो विचारणाऱ्या मुलाला मी कधीही घाईत उत्तर देत नाही. डेमोक्रिटसचे जे उतारे उरले आहेत त्यांतले बहुसंख्य भौतिकीचे नाहीतच, ते जगण्याबद्दलचे आहेत. मन प्रसन्न, स्थिर असणं हे त्याच्या लेखी जगण्याचं ध्येय. ते उपभोगातल्या मापाने आणि आयुष्यातल्या समतोलाने मिळतं. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांच्याकडे बघून झुरण्यापेक्षा जे हालात आहेत त्यांच्याकडे पाहावं. सणावाराशिवायचं आयुष्य म्हणजे वाटेत उतारशाळा नसलेला लांबचा रस्ता, हेही त्याचंच. एकटे असतानाही वाईट बोलू नका, वाईट करू नका, लोकांपेक्षा स्वतःसमोर लाज बाळगायला शिका. हुकूमशहाच्या दरबारातल्या समृद्धीपेक्षा लोकशाहीतलं दारिद्र्य बरं, जसं गुलामीपेक्षा स्वातंत्र्य. स्त्रियांबद्दलची त्याची दोन-चार वाक्यं मात्र अत्यंत हलकी आहेत, पुरुषावर बाईची सत्ता असणं हा परम अपमान अशा धर्तीची. ती मी विद्यार्थिनींपासून झाकून ठेवत नाही. ज्याने सूर्याकडे इतक्या निर्भयपणे पाहिलं त्याला घरातल्या माणसाकडे तसं पाहता आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

हे जगण्याचे विचार अणूंतून निघतात का? काही अभ्यासक दुवा जोडतात: फार मोठ्या चढउतारांनी हेलकावणारा जीव स्थिर राहत नाही, असं तो म्हणतो, आणि जीव त्याच्या मते गोल, चपळ अणूंचाच आहे. दुवा आहे, पण नाजूक. मला वाटतं त्याने ही दोन कामं शेजारी शेजारी ठेवली आणि एकातून दुसरं ओढून काढायचा हट्ट केला नाही. पुढे एपिक्युरस या नंतरच्या अणुवादी तत्त्वज्ञाला हे पुरेना. सगळं अपरिहार्यपणे घडत असेल तर माणसाच्या हाती काय उरलं, या चिंतेने अस्वस्थ होऊन त्याने लिहिलं, की निसर्गाचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञांच्या नियतीचे गुलाम होण्यापेक्षा देवांच्या कथा मानलेल्या बऱ्या. त्याच्या परंपरेने मग अणू आपल्या वाटेवरून किंचित ढळतात, अशी सोय करून ठेवली. डेमोक्रिटस आणि एपिक्युरस यांच्यातल्या या फरकावर 1841 मध्ये एका तरुणाने येना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. त्याचं नाव कार्ल मार्क्स. दाराशी थांबलेल्या मुलाला मी एवढंच सांगते, की हा प्रश्न पडलेला तू पहिला नाहीस, आणि ज्याच्यामुळे तो पडला तो माणूस स्वतः निराश नव्हता. तो तर म्हणायचा, इराणचं राज्य मिळण्यापेक्षा एका गोष्टीचं खरं कारण सापडलेलं मला आवडेल.

त्याचं काही वाचायला मिळेल का, असं विचारणारेही असतात, आणि तेव्हा मन खट्टू होतं. थ्रासिलस या प्राचीन विद्वानाने त्याच्या ग्रंथांची यादी चार-चारच्या गटांत लावली होती. असे तेरा गट, म्हणजे 52 ग्रंथ. रंगांवर, चवींवर, भूमितीवर, संगीतावर, शेतीवर. त्यांतला एकही पुरा उरलेला नाही. प्लेटोने त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. जे उरलं ते बहुतांशी त्याच्याशी वाद घालणाऱ्यांनी, त्याला खोडून काढताना उतरवून घेतलेलं. ॲरिस्टॉटलने डेमोक्रिटसवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं, तेही गेलं. पण इसवी सनाच्या सहाव्या शतकात सिम्प्लिशियस या टीकाकाराने त्यातला एक परिच्छेद आपल्या भाष्यात घेतला. अणू इतके बारीक की आपल्या इंद्रियांना सापडत नाहीत, त्यांना नाना आकार आहेत, काही खडबडीत, काही आकड्यांचे, काही खोलगट, काही फुगीर, आणि बाहेरून अधिक प्रबळ असं काही येऊन त्यांना हलवून वेगळं करीपर्यंत ते एकमेकांना धरून राहतात, असं त्यात आहे. सुरुवात करायची असेल तर त्या परिच्छेदापासून करा. मग थिओफ्रास्टसने लिहिलेला चवींचा भाग घ्या, आणि तो वाचताना जवळ थोडी चिंच असू द्या.